ब्लांका कोंबडीची तब्येत

८ जून, रविवार

वही, कशी आहेस? मी बरी आहे. कासिल्दा, तुझे डोळे कसे आहेत, सुईत दोरा जातो का गं अजून? मिरियन बाळा, तिकडे ब्युनोस आयर्सला थंडी फार का, पोरांची सर्दी गेली का? पेत्रोना, तुझा पोपट बोलायला लागला का, की तू गप्प बसत नाहीस म्हणून त्याला संधीच मिळत नाही? लिंबाच्या झाडा, तुझ्या खोडाची कीड? डाव्या गुडघ्या, तू? सिरिलो, तुला जाऊन सात वर्षं झाली, तुझी खुशाली देवाला ठाऊक. कराई एलादिओ, खोकला कसा आहे? आणि ब्लांका कोंबडी, तू गं?

मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहायला सुरुवात करता येत नाही. शाळेची पायरी मी चढले नाही. लेक मिरियन परदेशी घरकामाला गेली, तिची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून पन्नाशी उलटल्यावर पिठाच्या पिशव्यांवरची अक्षरं गिरवत शिकले. पत्रांपायी लिहायला शिकलेलं माणूस, आधी खुशाली विचारल्याशिवाय हात पुढे सरकत नाही.

ब्लांका दोन वर्षांपूर्वी मेली. तरी तिची चौकशी करणं भाग आहे. का, ते लिहीन.

आज चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कराई एलादिओ माझ्याशेजारी बाकावर बसले. बाजारात झाडपाल्याची टपरी आहे ती त्यांची; मानानं सगळे त्यांना कराई म्हणतात. तेरेरेच्या, म्हणजे आमच्या थंड चहाच्या, पाण्यात टाकायच्या मुळ्या-पानं कुटून देतात, कुणाला पोटासाठी, कुणाला रक्तासाठी. बायको जाऊन पाच वर्षं झाली. गेलं वर्षभर ते माझ्याकडे काहीतरी निमित्तानं येतात, तेही सगळ्या गल्लीला दिसेल असं भर दुपारी, म्हणजे कुणी काही बोलू नये.

म्हणाले, घरात दोन खुर्च्या आहेत, एकीवर मांजर बसतं, मांजराला हलवायला मी तयार आहे. मग बराच वेळ टोपी फिरवत बसले. शेवटी नावाला मानाचं 'न्या' लावून म्हणाले, "न्या देओलिंदा, एक ऑगस्टला सकाळी माझ्या घरी कार्रुलिम प्यायला या. आलात तर मी समजेन. नाही आलात तरी समजेन. तोंडानं नाही म्हणायचे कष्ट तुम्हाला नकोत."

उसाची दारू, सताप आणि लिंबू. ऑगस्ट महिना, आमच्याकडच्या हिवाळ्याचं शेपूट, हडकुळ्या गाई आणि म्हातारी माणसं घेऊन जातो म्हणतात, त्याला दारातच अडवायला उपाशीपोटी तीन घोट घ्यायचे. घरातल्या सगळ्यांनी, एकाच पेल्यातून.

एकाच पेल्यातून. तिथेच माझं सगळं अडलं.

१० जून, मंगळवार

आज लिहूनच टाकते. वहीला कुठे तोंड आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मला खालच्या अंगाला फोड आले. आग अशी की लघवीला जाताना उशीचा कोपरा दातांत धरायची. नवरा, सिरिलो, तेव्हा ट्रक घेऊन ब्राझीलच्या सरहद्दीपर्यंत जायचा आणि आठ-आठ दिवस राहायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले हर्पिस आहे, जायचं नाही, येत राहील, नवऱ्याला विचारा. पुढची बाई आत आली आणि मी बाहेर पडले. विचारायचं होतं पुष्कळ, पण लाजेनं जिभेला कुलूप.

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तुझी अंगणात उघड्यावर बसायची सवय आहे ना, त्यानं झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःची दोरीची झोळी ओसरीवर बांधून झोपायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा.

माझी आई छातीच्या रोगानं गेली. मी नऊ वर्षांची होते. घरच्यांनी तिचा ग्वाम्पा वेगळा केला होता. तेरेरे प्यायचं ते बैलाचं शिंग, आणि नळी. शिंगाला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून कुणी उचलू नये. आम्ही सगळे अंगणात गोल करून बसायचो, एक ग्वाम्पा हातोहात फिरायचा, आणि आई खोलीच्या उंबऱ्यावर लाल दोऱ्याचं शिंग घेऊन एकटी. न जाणारा रोग म्हणजे काय करायचं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरी येऊन मी माझ्या शिंगाला लाल दोरा बांधला.

तेव्हापासून कुणाच्या नळीला तोंड लावलं नाही, माझी कुणाला दिली नाही. टॉवेल वेगळा. नातवंडं आली तर पापी कपाळावर. विचारलं तर पोट नाजूक आहे म्हणायचं. ह्या देशात माणसं शत्रूबरोबरसुद्धा एका नळीनं तेरेरे पितात. मी एकोणीस वर्षं एकटी पिते आहे.

कासिल्दा माझी नणंद. घर तिच्या बापाचं, मी भावजय म्हणून राहते. ती म्हणते, "राणीसाहेबांचा पेला आणा रे." आताशा हसूनसुद्धा म्हणत नाही, सवयीनं म्हणते.

१४ जून, शनिवार

टपरीवर गेले होते. फोड आले की रुंद पानांची ती जुडी उकळून त्या पाण्यानं धुते, जरा थंड वाटतं. सुरुवातीला कराई एलादिओंनी विचारलं होतं कशाला, तेव्हा तोंडात आलं ते सांगितलं, कोंबडीच्या पायाला फोड आलेत. नाव विचारलं. ब्लांका. तेव्हा ब्लांका खरोखर होती आणि तिचे पाय माझ्यापेक्षा धड होते.

तेव्हापासून कधीही भेटले की पहिला प्रश्न तोच. आजही. ब्लांका बरी आहे का? म्हटलं, थंडी पडली की तिला त्रास होतो. ते म्हणाले, थंडी, जागरण आणि काळजी, तिन्ही वाईट. तिला म्हणावं काळजी करू नकोस. कोंबडीला काळजी कसली, मी म्हटलं. ते कुटता कुटता म्हणाले, "ह्या गावच्या कोंबड्या फार नाजूक, न्या देओलिंदा. निम्म्या घरांत खुराडं नाही, पण फोडांची पानं सगळ्यांना लागतात."

शेजारची पेत्रोनासुद्धा नेते, ते खरं. तिच्याकडे तर नुसता पोपट आहे. पक्ष्यांचे रोग सारखेच असतील.

गप्पिष्ट माणूस. मला आवडतो त्यांचा आवाज. कुटण्याच्या ठेक्यात बोलतात. जुड्यांवर स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून चिकटवतात, अक्षर बैलाएवढं.

२४ जून, मंगळवार

सान हुआनचा सण. चौकात कासावाच्या पिठाच्या पोळ्या, म्बेजू, भाजत होते, वास घरापर्यंत. कासिल्दा आणि मी दिवेलागणीआधीच जाऊन आलो. कराई एलादिओंनी माझ्यासाठी कागदात गरम म्बेजू आणला. कासिल्दाला दिला नाही असं नाही, तिलाही दिला, पण तिचा थंड होता, असं तिचं म्हणणं.

घरी येताना म्हणाली, वहिनी, साठी उलटल्यावर माणसानं देवाचं नाव घ्यावं, झाडपाल्यावाल्याचं नाही. मी म्हटलं, देव काही म्बेजू आणून देत नाही. ती तोंड फिरवून चालू लागली. माझा हात मात्र सोडला नाही, तिला संध्याकाळी पायरी दिसत नाही.

२८ जून, शनिवार

आज नको ते झालं.

टपरीपुढे सात-आठ जण बसले होते, पेत्रोना होती, कासावाचे कंद विकणारे दोघे भाऊ होते. कराई एलादिओ पाणी ओतत होते. पहिलं पाणी संताचं, सान्तो तोमासचं, ते नुसतं मुरू द्यायचं. दुसरं त्यांनी स्वतः प्यायलं. तिसरं ओतलं आणि सगळ्यांना सोडून, उठून, माझ्यापुढे धरलं.

माझं पोट नाजूक आहे हे त्यांना ठाऊक आहे. वर्षभरात कधी आग्रह केला नव्हता. आज हात पुढे केला तो मागे घेईनात. सगळे बघत होते. ते अगदी हळू म्हणाले, "घ्या. काही होत नाही."

मला त्यांच्या ओठांकडे बघवेना. म्हटलं, ह्या माणसाला मी माझा रोग देऊ? ह्याच माणसाला?

मी म्हटलं, आभारी आहे. पिऊन झाल्यावर म्हणायचा शब्द, पुरे ह्या अर्थाचा. मी न पिताच म्हटला. पेत्रोनानं डोळे खाली घातले. कासाववाला धाकटा हसला आणि म्हणाला, "कराई, तुमच्या नळीला माती लागली वाटतं." ते ग्वाम्पा घेऊन परत जागेवर गेले आणि बराच वेळ त्यांनी पुढचं पाणीच ओतलं नाही.

२९ जून, रविवार

प्रार्थनेला गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा बिचारा काही म्हणाला नाही.

५ जुलै, शनिवार

आठवडा झाला, ते आले नाहीत. आज पेत्रोना एक जुडी घेऊन आली. मागितली नव्हती. वर चिठ्ठी, बैलाएवढ्या अक्षरात: ब्लांकासाठी.

म्हणजे आता येणं-जाणं बंद, गिऱ्हाइकी तेवढी चालू. असंच ना? पेत्रोनाला विचारलं, काही म्हणाले का? ती म्हणाली, म्हणाले, एवढ्यात लागतील तिला. मग माझा हात दाबला आणि काहीतरी बोलायला गेली, पण कासिल्दा बाहेर आली.

आणि खरंच लागली. परवापासून मुंग्या येत होत्या, आज फोड. उभं राहवत नाही, बसवत नाही. लेसची चौकट मांडीवर घेता येत नाही. न्यांदुतीचं, आमच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या लेसचं, काम मी उभ्यानं करते आहे, खिडकीत ठेवून. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या ओढणीची चौदा वर्तुळं राहिलीत.

९ जुलै, बुधवार

आज दवाखान्यात गेले. एकोणीस वर्षांनी. फोड वाळत आले तेव्हा धीर झाला. नवी नर्स आहे, सुनिल्दा नावाची, मिरियनपेक्षाही लहान. टेबलावर थर्मास आणि स्वतःचा ग्वाम्पा.

मी आधी गुडघा दाखवला. तिनं गुडघा पाहिला. मग म्हणाली, आजी, गुडघ्यासाठी माणूस दार लावून घेत नाही.

सांगितलं. ती तपासून हात धुऊन समोर बसली आणि एकेक विचारत गेली, कधीपासून, किती वेळा, कुणाला माहीत आहे. म्हटलं, मला, तुला, आणि एक डॉक्टर होते ते कधीच बदलून गेले. मग लाल दोऱ्याचं सांगितलं. तिनं लिहिणं थांबवलं.

"पेला वेगळा करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच केला."

तिनं थर्मास उघडला. ग्वाम्प्यात पाणी ओतलं, एक घोट स्वतः घेतला, परत भरला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाली, हे दुखणं नळीतून जात नाही, आजी. टॉवेलातून नाही, खुर्चीवरून नाही. कातडीला कातडी लागते तिथून जातं. ज्याच्या ओठावरच ताजा फोड आहे त्यानं नळी दुसऱ्याला देऊ नये, एवढंच. तुमचं तर ओठावर कधी आलंच नाही.

मी प्याले. पुदिना होता त्यात. दुसऱ्याच्या तोंडची नळी गरम असते हे मी विसरून गेले होते.

मग तिनं बाकीचं सांगितलं. मज्जातंतूंत झोपून राहतं, थकवा आला, चिंता झाली की जागं होतं. पुष्कळांना असतं, निम्म्यांना पत्ताच नसतो. फोड असताना आणि मुंग्या येत असताना नवराबायकोनं जवळ यायचं नाही. एरवीही थोडा धोका राहतो, रोज गोळी घेतली आणि कंडोम वापरला तर तो पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही. मी विचारलं, शून्य कशानं होतं? ती म्हणाली, एकटं राहिल्यानं. ते तुम्ही करून पाहिलंय.

गोळ्या दिल्या. कागदात गुंडाळून पाकिटंही दिली, ती मी शालीआड अशी धरून आणली जणू चोरलीत.

येताना चर्चमागच्या आंब्याखाली बसले. आईला माझ्या हातचा एक ग्वाम्पा मी कधी दिला नाही. तिचं खरं होतं, छातीचा रोग वाऱ्यानं लागतो. माझं खोटं होतं. मिरियनचा थोरला तीन वर्षांचा असताना त्याचा अर्धा खाल्लेला चिपा पाव माझ्या तोंडात घालायला आला होता, मी तोंड फिरवलं होतं. पोरगं रडलं होतं.

१० जुलै, गुरुवार

पहाटे उठून लाल दोरा कापायला घेतला. इतका जुना झालेला की कापावाही लागला नाही, तुटला.

कासिल्दा चुलीपाशी माते पीत होती. थंडीत सकाळी गरम माते, मग दिवसा थंड तेरेरे, हे तिचं घड्याळ. मी तिच्याजवळ बसले आणि हात पुढे केला. म्हटलं, मलाही दे गं.

तिनं नळीवर पंजा ठेवला, असा, जसं मांजरापासून दूध झाकतात.

"तुझ्या आईचा रोग मला नको, वहिनी."

मला आधी कळेचना. मग तिनं सगळं बाहेर काढलं. तिला पहिल्यापासून माहीत आहे म्हणे, मला आईचा छातीचा रोग आहे, म्हणून मी पेला वेगळा ठेवते. कुणाला सांगितलं नाही, एवढी वर्षं माझी अब्रू राखली. फक्त जूनमध्ये कराई एलादिओंना सांगितलं. माणूस भला आहे, त्याला फसवणं बरं नाही, असं तिला वाटलं.

म्हणजे त्या शनिवारच्या आधीच त्यांना सांगितलं होतं. आणि तरी त्यांनी स्वतःची नळी माझ्यापुढे धरली, चारचौघांत. हे मी दोनदा लिहून पाहिलं. अर्थ लागत नाही. बिचाऱ्यांचा विश्वास बसला नसेल.

कासिल्दाला काय सांगू? छाती धड आहे म्हटलं तर विचारेल, मग दोरा कसला? खरं सांगितलं तर तिच्या भावाचं नाव घ्यावं लागेल, ज्याच्या फोटोपुढे ती रोज फूल ठेवते. आणि ती मानणार थोडीच. म्हणेल, तूच कुठून आणलंस. इकडे आड, तिकडे विहीर. दोरा मीच बांधला, गाठ आता दुसऱ्यांच्या हातात.

मी माझा ग्वाम्पा भरला आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. दोरा नसलेला. फरक काही पडला नाही.

१९ जुलै, शनिवार

ठरवून गेले होते, आज तोंडानंच सांगायचं. वाटेवर वाक्यं जुळवली. टपरीवर नेमकं कुणी नव्हतं.

ते पाहून उभे राहिले. बारीक झालेत. ब्लांकाची चौकशी केली. म्हटलं, बरी आहे आता. मग मी म्हटलं, त्या दिवशीचं. ते म्हणाले, त्या दिवशीचं चुकलं ते माझं, लोकांपुढे आग्रह करायचा नव्हता, मला वाटलं लोकांपुढेच केला तर तुमची भीती जाईल.

कसली भीती, हे मी विचारलं नाही. माझं वाक्य जुळवलेलं होतं, "मला एक दुखणं आहे," पण तोंडातून दुसरंच निघालं. मी म्हटलं, कासिल्दानं तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही, माझी छाती धडधाकट आहे. ते म्हणाले, छातीचं असतं तर तुम्ही दुसरी पानं नेली असती.

आणि मी काय केलं? ताकाला जाऊन भांडं लपवलं. म्हटलं, पानं कोंबडीची आहेत.

त्यांनी उखळ बाजूला ठेवलं. हसले, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," म्हणाले, "पण झाकलेलं मी उघडणार नाही. तो हात तुमचा." एवढ्यात असुन्सिओनची बस आली, गिऱ्हाइकं उतरली.

म्हणी फार वापरतात. माझ्यासारखेच. कोंबडीच्या जागी कोंबडं आलं बोलण्यात, एवढंच मला कळलं. 

२६ जुलै, शनिवार

सहा दिवस राहिले.

न जाता गप्प बसले तर ते समजतील नाही, आणि चूक समजतील. गेले, एका पेल्यातून तीन घोट घेतले, तर ते समजतील हो. मग रात्र होणार, आणि त्या हो-च्या आत मी काय घेऊन आले ते त्यांना माहीत नसणार. सिरिलोनं मला जसं न सांगता दिलं तसं मी ह्यांना देऊ? आणि सांगितलं तर? गाव लहान. त्यांच्या तोंडून गेलं नाही तरी चेहऱ्यावरून जाईल.

आज कासिल्दा माझ्या शेजारी येऊन बसली. सुई पुढे केली. मी दोरा ओवून दिला. म्हणाली, "तू गेलीस तर मला दोरा कोण ओवून देईल?" म्हणजे तिला एक तारखेचं माहीत आहे. मग म्हणाली, घर माझं आहे, पण माझ्या मागे तुझंच, मी कागदावर लिहून देते. मी रागावणार होते. तिच्या मांडीवर पाहिलं तर तिनं केलेल्या वर्तुळात निम्मे धागे चुकलेले. तिला दिसत नव्हतं. ती उठून गेल्यावर मी ते उसवून परत विणलं.

वाईट माणसाच्या घरात कोंडलं असतं तर निघता आलं असतं.

लग्नाची ओढणी पुरी झाली. खळ घालून वाळवली आणि खालचं कापड कापून काढलं. ज्यावर सगळं विणलं ते शेवटी कापूनच टाकायचं असतं, नाहीतर जाळी दिसत नाही. चाळीस वर्षं हे करते आहे, दर वेळी कात्री लावण्याआधी गाठी पुन्हा मोजते. आजपर्यंत एकदाही जाळी सुटली नाही.

३० जुलै, बुधवार

आज मैत्रीचा दिवस. गावभर माणसं एकमेकांना चिठ्ठ्या, मिठाई देत फिरतात, कुणाच्या हातात कागद दिसला तर कुणी विचारत नाही. म्हणून आजचाच दिवस धरला.

कार्रुलिमसाठी दर वर्षी त्यांना लिंबं माझ्या झाडाची जातात. सकाळी टोपली भरली. खाली पत्र, वर लिंबं. टपरीवर गर्दी होती, सतापाच्या जुड्या ढिगानं पडल्या होत्या. त्यांनी टोपली घेतली, दोन लिंबं उचलली, कागदाचा कोपरा पाहिला, आणि लिंबं होती तशी परत ठेवली.

"ब्लांका बरी आहे ना?"

सगळे ऐकत होते. नुसतीच मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मलाही ठाऊक नाही. घरी आले. कासिल्दा अंगणात उन्हात बसली आहे, तिला सांगितलं, लिंबं देऊन आले. ती म्हणाली, बरं झालं, झाड लवकर मोकळं झालं.

पुढे मीच मला खोटं सांगू नये की असं लिहिलं होतं, तसं लिहिलं होतं, म्हणून पत्राची नक्कल इथे उतरून ठेवते.

*

कराई एलादिओ यांस,

खोकला कसा आहे? रात्री छातीला तेल लावता का? मांजर खुर्चीवरच बसतं का अजून? उखळ हातातून घसरत नाही ना थंडीत? तुमचा मुलगा, सून, त्यांच्याकडची धाकटी, सगळी बरी असतील. कासिल्दाचे डोळे उतरत चाललेत, पण जीभ शाबूत आहे. मी बरी आहे.

ब्लांकाचं विचारू नका. ब्लांका दोन वर्षांपूर्वी मेली. तिच्या पायाला कधी काही नव्हतं. पानं माझ्यासाठी होती.

मला हर्पिस आहे. खालच्या अंगाला, एकोणीस वर्षं. नवऱ्याकडून आलं, पण त्याला नावं ठेवायला हे पत्र नाही, तो गेला. छातीचा रोग नाही. पेला वेगळा ठेवला तो माझ्याच अडाणीपणानं, नर्स सुनिल्दा म्हणते त्याची कधीच गरज नव्हती. त्या दिवशी तुमची नळी परत केली ती घाण वाटली म्हणून नव्हे. तुम्हाला काही होईल म्हणून. कासाववाल्याला हे सांगायची गरज नाही, तुम्हाला आहे.

हे जात नाही. मी रोज गोळी घेते. फोड असतील तेव्हा मी वेगळी निजेन, आणि एरवी काय वापरायचं ते नर्सनं दिलं आहे, ते मी वहीत लिहिते, इथे लिहीत नाही. तरी थोडी भीती उरतेच. ती नाही असं सांगून मला तुमच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तुम्हालाही तुमच्या जिवाचं बघायचा हक्क आहे. नको वाटलं तर त्यात तुमचा दोष नाही, मी राग धरणार नाही, पानं मात्र दुसरीकडून आणीन.

मला कासिल्दाला दुपारी दोरा ओवून द्यायला रोज यावं लागेल. हेही आत्ताच सांगितलेलं बरं.

लिंबांचा पत्राशी संबंध नाही. उत्तर काहीही असलं तरी पिळा, ऑगस्ट कुणासाठी थांबत नाही.

एक तारखेला मी आपणहून येणार नाही. तुम्ही म्हणाला होतात, तोंडानं नाही म्हणायचे कष्ट मला नकोत. तुमचा चांगुलपणा. पण ह्या वेळी तुम्ही कष्ट घ्या. हो असो, नाही असो, कागदावर लिहा. न बोलता समजून घ्यायचं मी एकोणीस वर्षं करून पाहिलं, मला ते येत नाही.

दोन ओळी पुरेत. तुमचं अक्षर मला लागतं. लवकर लिहा, आणि खुशाली विचाराल तेव्हा कोंबडीची नको, माझीच विचारा.

देओलिंदा